जन्मतारीख 1 जून

आपल्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 1 जूनला शुभेच्छांचा जो पाऊस पडतो, तो पाहून माझ्या सुनेने एकदा विचारले, "बाबा, तुमच्या वर्गात इतकी जुळी कशी?" तिला काय सांगणार! आपल्या आणि आपल्या आईवडिलांच्या वेळी मुलाला शाळेत घालायला न्यायचे, गुरुजी त्याचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागतो का पाहायचे आणि 1 जूनला सहा पुरी होतील असे वर्ष रजिस्टरात लिहायचे. गुरुजींचे यात काही चुकले असे मला वाटत नाही. घरच्यांनाच तारीख ठाऊक नसे, ठाऊक असायची ती तिथी.

माझ्या वडिलांची जन्मतारीखही 1 जूनच. ते गेल्यावर माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली, तेव्हा आजोबांनी मुंबईहून पणजोबांना पाठवलेली कार्डे हाती लागली. निम्मी मोडीत. मोडी मला येत नव्हती. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग हात न उचलता तिच्याखाली अक्षरे सोडत जायचे, शब्द कुठे तुटतो ते वाचणाऱ्याने ओळखायचे. इकार दीर्घच, उकार ऱ्हस्वच. शिकायला मला दोन पावसाळे लागले.

एका कार्डात वाक्य सापडले : आषाढी एकादशीस मुलगा झाल्याचे पत्र पोचले, आनंद झाला. पोस्टाच्या शिक्क्यावरचे वर्ष भिंगातून स्वच्छ दिसत होते. हिशेब केला, तर वडील रजिस्टरापेक्षा तेरा महिन्यांनी लहान निघाले. म्हणजे सरकारी नोकरीतून ते तेरा महिने आधी निवृत्त झाले. धाकट्या बहिणीचे लग्न त्याच वर्षी होते, आणि त्यासाठी त्यांनी सोसायटीचे कर्ज काढले होते. ते कार्ड तेव्हाही माळ्यावरच होते.

तारखांचा हा घोळ आपल्या गावाला नवा नाही. केशवसुत आपल्याच गावचे! कृष्णाजी केशव दामले यांचे जन्मसाल 1866, यावर सर्वांचे एकमत आहे. दिवस मात्र काही पुस्तके 7 ऑक्टोबर देतात, काही 15 मार्च. नवल नाही. जन्ममृत्यूच्या नोंदणीचा कायदा आला 1886 साली, म्हणजे ते वीस वर्षांचे झाल्यावर. तोवर कुंडली, शाळेचे रजिस्टर आणि घरच्यांची आठवण, एवढाच आधार. त्यात आणखी एक खड्डा आहे. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो हे आपण शाळेत शिकलो. पण जानेवारीपासून पाडव्यापर्यंत 79 मिळवावे लागतात. 15 मार्च 1866 हा पाडव्याच्या ऐन तोंडावरचा दिवस, म्हणून तो शके 1787 मध्ये पडतो आणि 7 ऑक्टोबर 1788 मध्ये. फाल्गुनातल्या जन्माला सरसकट 78 मिळवणारा माणूस अख्खे वर्ष चुकतो. आजोबांची कार्डे लावताना मीही दोनदा चुकलो.

दामल्यांच्या घरात कागदाला तोटा नसावा. वडील केशवपंत शाळामास्तर. धाकटे भाऊ मोरो केशव यांनी 1911 साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' दिले, सर्वांत धाकटे सीताराम केशव पत्रकार आणि कादंबरीकार. तरी खुद्द केशवसुतांचे छायाचित्र नाही. 7 नोव्हेंबर 1905 रोजी हुबळीला प्लेगने ते गेले, आणि काही दिवसांतच पत्नीही गेल्या. नाव म्हणून त्यांनी मागे ठेवले ते 'केशवाचा मुलगा' एवढेच. वंशावळ शोधू लागल्यापासून ते टोपणनाव मला निराळेच ऐकू येते.

आमच्यासारख्या घराला चरित्रकार नसतो. तिथे पत्राचा मायना वाचावा लागतो. 'तीर्थरूप' कोणाला, 'चिरंजीव' कोणाला, यावरून नाती लागतात. पणजीच्या नावाआधीचे 'सौ.' जाऊन 'गं. भा.' आले, तेव्हा दोन कार्डांच्या मधल्या चार महिन्यांत पणजोबा गेले हे कळले. ते गेल्याचे कार्ड ट्रंकेत नाही, असणारही नाही. निधनाचे पत्र वाचून लगेच फाडायचे, घरात ठेवायचे नाही, ही आपल्याकडची रीत. म्हणून जन्म ट्रंकेत सापडतात आणि मृत्यू तलाठ्याकडे, फेरफाराच्या वारसनोंदीत. पणजोबांची नोंद तिथे मिळाली. जमीन ज्याच्या नावावर, त्याच्या मरणाची नोंद होते.

एक नोंद मात्र कुठेच मिळेना. वडिलांच्या जन्मानंतर तीनेक वर्षांनी कार्डाच्या शेवटी "चि. धाकटीस अनेक आशीर्वाद" असे येऊ लागते. अशी पाच कार्डे आहेत. एकात तिच्यासाठी परकराचे कापड कोणाबरोबर तरी पाठवल्याचे लिहिले आहे. सहाव्यापासून फक्त वडिलांना आशीर्वाद. मी वडिलांना एकुलते एक समजत होतो. तेही तसेच सांगत.

आईला विचारले. ती आता नव्वदीकडे आली आहे. म्हणाली, "होती म्हणे एक. सासूबाई एकदाच बोलल्या होत्या, घाटल्याला मीठ घालता घालता. मी पुढे विचारलं नाही."

गेल्या मे महिन्यात शाळेत मेळाव्याची बैठक होती. ती संपल्यावर सरांच्या परवानगीने जुनी दाखल रजिस्टरे चाळली. वडिलांचे नाव मिळाले, पुढे सुवाच्य अक्षरात 1 जून. त्यानंतरच्या सहा वर्षांतल्या मुलींची नावे बोट ठेवून वाचली. ती नव्हती. शाळेत येण्याइतकी मोठी झालीच नसेल.

नाव माहीत नाही म्हणून वंशावळीत वडिलांच्या शेजारी मी 'धाकटी' असेच लिहिले आहे. पाच कार्डे वेगळ्या पाकिटात ठेवली आहेत. आपल्यापैकी कोणाच्या घरी त्या काळातले काही कागद असतील, आणि त्यांत आमच्या घराचा उल्लेख दिसला, तर मला जरूर कळवा. मोडी असली तरी चालेल.