राजाचा डोंगर, साहेबाचे पॉइंट

महाबळेश्वरला गेलेला मराठी माणूस इतिहास पाहत नाही, पॉइंट पाहतो. पहाटे विल्सन पॉइंटवर सूर्य उगवला याची खात्री करायची, संध्याकाळी बॉम्बे पॉइंटवर तो बुडाला याची. मधल्या वेळात भाजलेलं कणीस खायचं आणि घोडेवाल्याशी घासाघीस करायची. आमची सौभाग्यवती या कार्यक्रमात एक मिनिटाची गळती होऊ देत नाही. मला मात्र वीस वर्षं बँकेत खातेवह्या तपासायची सवय. डोंगर दिसला, की पहिला प्रश्न पडतो : हा नावावर कोणाच्या, आणि मोबदला काय दिला?

उत्तर मोठं मजेशीर आहे. १८२४ साली साताऱ्याचे लष्करी अधिकारी लॉडविक साहेब हा डोंगर चढून आले. हवा थंड आहे, हा 'शोध' त्यांच्या नावावर जमा झाला. कृष्णेच्या उगमाशी यात्रेकरू शतकानुशतके कुडकुडत आंघोळ करीत होते. पण कुडकुडण्याची कुठे नोंद होते का? पुढे १८२९ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याकडून ही जागा घेतली आणि बदल्यात वाईकडचं खंडाळा गाव दिलं. रोख नाही, चेक नाही, निव्वळ अदलाबदल! वसाहतीचं नाव पडलं माल्कमपेठ. असा प्रस्ताव आमच्या शाखेत आला असता, तर 'मूल्यांकन जोडावे' असा शेरा मारून परत गेला असता.

खरा हिशेब पुढेच आहे. १८३९ मध्ये कंपनी सरकारने कटाचा आळ घेऊन याच प्रतापसिंहांना गादीवरून काढलं आणि काशीला धाडलं. १८४७ साली ते तिकडेच वारले. १८४८ मध्ये साताऱ्याचं राज्यच खालसा झालं. म्हणजे डोंगराच्या बदल्यात दिलेलं खंडाळाही कंपनीच्याच खात्यात परत! मुद्दल गेलं, व्याज गेलं, आणि खातेदारही गेला.

आणि इथे राबलं कोण? कंपनीने इथे चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंग ठेवला होता. त्यांनी रस्ते केले, साहेबाच्या टेबलासाठी बटाटे आणि विलायती भाज्या पिकवल्या, टोपल्या विणल्या. घरापासून हजारो मैलांवर, समुद्रापलीकडे! लॉडविक, विल्सन, एल्फिन्स्टन यांच्या नावाचे पॉइंट झाले. चिन्यांच्या मळ्यांची आठवण राहिली ती एका धबधब्याच्या नावात : चायनामन फॉल्स. साहेबाला कडा, कैद्याला कोसळणं; वाटणी कशी चोख आहे पाहा!

तेव्हा वाचकहो, पुढच्या खेपेला घोडेवाल्याचे दहा रुपये कमी करून झाले, की या धबधब्यापुढे दोन मिनिटं उभे राहा. त्या माणसांची नावं कुठल्याच पाटीवर नाहीत; रस्ता मात्र आपण अजून त्यांचाच वापरतो आहोत, आणि तोही बिनभाड्याने.