माळावरचा लांडगा : जुनी बदनामी आणि खरी हकीगत



'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकली. पण आपल्या पुणे भागाचं आणि लांडग्याचं नातं त्याहून जुनं आहे, ते आज थोडक्यात पाहू.

१६३० च्या सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवानं पुणं उद्ध्वस्त केलं, गाढवाचा नांगर फिरवला. त्यातच मोठा दुष्काळ पडला. वस्ती उठली, शेतं ओस पडली, रान माजलं आणि लांडगे फिरू लागले. पुढं दादोजी कोंडदेवांनी पुन्हा वस्ती बसवली, तेव्हा लांडगे मारणाऱ्या मावळ्यांना बक्षिसं दिली, असं बखरीत येतं. नीट पाहिलं तर गाव लांडग्यानं ओस पाडलं नव्हतं. माणसांनी गाव ओस पाडलं, मग लांडगा आला. बदनामी मात्र त्याच्या वाट्याला आली.

इंग्रजी अमदानीत ही बक्षिसं सरकारी झाली. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत देशात बक्षिसापायी सुमारे दोन लाख लांडगे मारले गेले. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण मिळालं. आज देशात अंदाजे तीन हजारच उरलेत. बारामती तालुक्यात सुपे इथं १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्य झालं; पण दौंड, इंदापूर, सासवडकडचे लांडगे बहुतेक उघड्या माळावरच राहतात. आणि माळ म्हणजे पडीक जमीन, असं समजून आपण तो नांगरतो, नाहीतर प्लॉट पाडतो.

लांडगा मेंढरं नेतो, हे खोटं नाही. गरीब धनगराचं त्यात नुकसान होतं. माणसावर हल्ला मात्र क्वचितच. उत्तर प्रदेशात बहराइचला २०२४ साली मुलांवर हल्ले झाले. आपल्या माळावरचा लांडगा सहसा माणूस दिसला की वाट सोडतो. तो ससे, उंदीर, घुशीही खातो, म्हणजे पिकाचे शत्रूच. पुष्कळदा मोकाट कुत्र्यांनी फाडलेली शेळीही त्याच्याच नावावर लागते. ही कुत्री त्याला रोग देतात, त्याच्याशी संकरही करतात. पुण्याजवळ असा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीत सिद्ध झालं आहे.

तेव्हा एवढं करा :

१. रात्री मेंढरं वाघरीत घाला. लहान कोकरं मधे ठेवा, राखणीला चांगली कुत्री पाळा आणि त्यांना रेबीजची लस टोचून घ्या.

२. मेलेलं जनावर उघड्यावर टाकू नका. त्यानं मोकाट कुत्री वाढतात.

३. जनावर मारलं गेलं तर जागेवरून हलवू नका. ताबडतोब वनखात्याला कळवून पंचनामा करून घ्या; सरकारी भरपाई मिळते.

४. हिवाळ्यात बिळात पिल्लं दिसली तर धूर करू नका, बीळ बुजवू नका. विष तर कधीच घालू नका. तो गुन्हा आहे, आणि त्यात आपलीच जनावरं मरतात.

धनगरांत एखादं मेंढरू गेलं तर तो लांडग्याचा वाटा, असं मानणारी जुनी माणसं आहेत. तेवढा मोठेपणा सगळ्यांना परवडणार नाही. पण वाघरीची गाठ पक्की बांधणं तर आपल्याच हातात आहे ना?