मुठीचे दान

दान देण्याच्या तऱ्हा आपल्या भाषेने किती हौसेने जपून ठेवल्या आहेत! भिक्षा, माधुकरी, शिधा, जोगवा, वर्गणी, देणगी, हे सारे शब्द वरवर एकाच कुळातले. पण प्रत्येक शब्दात देणाऱ्याचा हात निराळ्या उंचीवर असतो. भिक्षेत तो घेणाऱ्याच्या झोळीवर असतो. वर्गणीत तो शेजाऱ्याच्या हाताला हात लावून असतो. आणि सुदाम्याच्या गोष्टीत तर देणाराच आपली पोह्यांची पुरचुंडी लपवू पाहतो. दिवाळीत घरोघर चिवड्यासाठी पोहे भाजले जात असताना सुदामदेव आठवावेत हे स्वाभाविकच आहे. त्या पुरचुंडीच्या एका दूरच्या नातलगाची हकीगत आज मला सांगावयाची आहे. ही हकीगत ख्रिस्ती धर्ममंडळांच्या इतिहासातली; पण तिच्यातला प्रश्न कोणत्याही देवळाला, शाळेला किंवा चळवळीला लागू पडेल असा आहे.

पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यात, मोसे खोऱ्यात, वरसगाव धरणाच्या जलाशयाकाठी लवासा नावाची वसाहत उभी आहे. सहलीला जाणारी मंडळी तेथील रंगीत घरांच्या ओळी आणि पाण्यातली त्यांची प्रतिबिंबे पाहून परततात. शाळेतल्या मुलांबरोबर मीही तेथे जाऊन आलो आहे. ह्या वसाहतीत दासवे गावाजवळ बंगळूरच्या ख्राइस्ट विद्यापीठाचे एक आवार आहे. हे विद्यापीठ चालविणारा ‘सी. एम. आय.’ हा कॅथलिक संन्याशांचा संघ मूळचा केरळचा. इ. स. १८३१ साली कोट्टायमजवळच्या मान्नानम येथे त्याची स्थापना झाली. संस्थापक तिघे, त्यांतले एक कुरियाकोस एलियास चावरा. त्यांना पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१४ साली संतपद दिले.

ह्या चावरांनी १८४६ साली मान्नानम येथे संस्कृत पाठशाळा काढली, आणि पुढे १८६४ च्या सुमारास प्रत्येक चर्चने आपल्याजवळ एक शाळा चालवावी असा आग्रह धरला. शाळा काढणे सोपे. पण गरिबाचे उपाशी मूल शाळेत बसावे कसे? त्याला दुपारचा भात द्यावयाचा तर तांदूळ आणावा कोठून? चावरांनी राजाकडे अर्ज केला नाही, की परदेशी पत्र धाडले नाही. त्यांनी घरोघरच्या बायकांना सांगितले: रोज भात शिजत घालण्यापूर्वी तांदळातली एक मूठ काढून बाजूच्या भांड्यात टाका. मल्याळी भाषेत त्याला ‘पिडियरी’ म्हणतात, म्हणजे मुठीतला तांदूळ. मुले जेवू लागली आणि शाळेत टिकू लागली. कैनकरी ह्या आपल्या जन्मगावी १८६९ साली त्यांनी निराधारांसाठी घर सुरू केले, त्यालाही ह्याच रीतीचा आधार होता.

मिशन म्हणजे परदेशी पैसा, हे समीकरण आपल्याकडे इतके रूढ आहे की ही मुठीची गोष्ट ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. हे समीकरण अगदीच निराधार आहे असे मात्र मी म्हणणार नाही. आपल्या शेजारच्या गोव्याचेच पाहा. तेथे धर्मप्रसार हा पोर्तुगालच्या राजाचा अधिकार आणि राजाचीच जबाबदारी होती. पाद्र्यांचा खर्च राजाच्या खजिन्यातून होई. पण राजाचा हात अखेर कोणाच्या खिशात जाणार? १५४१ साली तिसवाडीतल्या गावकऱ्यांना पाडलेल्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न नव्या धर्माच्या कामाला लावून देणे भाग पडले. कागदावर ती गावकऱ्यांची संमती होती. ज्या संमतीला ‘नाही’ म्हणण्याची वाटच नसते, तिला दान म्हणता येत नाही. फार तर वसुली म्हणावी.

ह्याच्या उलट टोकाची गोष्ट एका तपकिरीच्या डबीची आहे. २ ऑक्टोबर १७९२ रोजी इंग्लंडमधल्या केटरिंग गावी, एका विधवा बाईच्या घरी, काही साधे बाप्टिस्ट धर्मोपदेशक जमले. राजा त्यांच्या पाठीशी नव्हता. दूरदेशी धर्मोपदेशक पाठवावयाचे ठरवून त्यांनी आपापल्या वर्गणीची वचने चिठ्ठ्यांवर लिहिली आणि एका तपकिरीच्या डबीत टाकली. एकूण बेरीज झाली तेरा पौंड, दोन शिलिंग, सहा पेन्स! त्या सभेतला पूर्वाश्रमीचा चांभार विल्यम केरी पुढच्याच वर्षी बंगालला आला. १८०५ साली मराठी भाषेचे व्याकरण छापणारा तो हाच केरी. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात तो बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवी, आणि पगारातला पोटापुरता भाग ठेवून बाकी सारे श्रीरामपूरच्या मिशनच्या सामायिक थैलीत घाली. ह्याचा अर्थ असा की, मराठी शिकवून मिळालेला पैसाही एका मिशनच्या कामी आला आहे. मास्तरकीच्या पगारातून काय काय साधता येते, हे मी स्वतः मास्तर असल्यामुळे जाणतो. म्हणून केरीच्या त्या हिशेबापुढे मला मान लववावीशी वाटते.

फ्रान्समध्येही असेच घडले. लिआँ शहरातल्या पोलीन जारिको नावाच्या तरुणीने गिरणीतल्या मजूरबायांकडून आठवड्याला एक सू, म्हणजे आपल्या पैशासारखे नाणे, गोळा करण्याची रीत घातली. दहा जणांमागे एक वसूल करणारी, अशा दहा जणींवर आणखी एक. तिच्या ह्या साखळीतूनच १८२२ साली धर्मप्रसाराची एक मोठी संस्था उभी राहिली आणि जगभरच्या कॅथलिक मिशनांना पैसा पुरवू लागली. आपल्याकडे अंताजी दामोदर काळे ह्यांनी माणशी एक पैसा मागून ‘पैसा फंड’ उभारला, आणि त्यातून १९०८ साली तळेगाव दाभाड्यास काचकारखाना निघाला. लिआँच्या सूचे आणि आपल्या पैशाचे गोत्र एकच म्हणावयाचे.

आता अहमदनगरकडे वळू. अमेरिकन बोर्डाचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईस उतरले. १८३१ पासून त्यांचे ठाणे नगरला झाले. त्यांचा पैसा न्यू इंग्लंडमधल्या खेड्यापाड्यांतल्या चर्चांमधून येई. तोही मुठीमुठीनेच जमलेला. पण हजारो कोसांवरून येता येता मुठीची रास होते आणि राशीचा पगार होतो. येथल्या गावकऱ्याला त्या पगारामागची दूरची म्हातारी दिसत नसे. त्याला दिसे तो साहेब. उपदेशक साहेबाचा नोकर, शाळा साहेबाची, चर्चची कौलेही साहेबाची! बोर्डाचे चिटणीस रूफस अँडर्सन ह्यांना हा धोका फार लवकर कळला. येथल्या मंडळ्यांनी आपला कारभार आपण करावा, आपला खर्च आपण भागवावा आणि आपला प्रसार आपण करावा, असे त्यांचे मत. १८५४-५५ साली ते स्वतः हिंदुस्थानात येऊन गेले, आणि त्याच सुमारास नगरला हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक हे एतद्देशीय पाळक नेमले गेले.

मत चांगले, पण भागवावयाचे कशाने? नगर भागातल्या मंडळ्यांत बहुतेक माणसे महार-मांग समाजातली. त्यांच्या हातात रोकड अशी क्वचितच पडे. वर दुष्काळ. १८७६-७८ चा गेला, तोच १८९६-९७ चा आला आणि पाठोपाठ छपन्नचा, म्हणजे १८९९-१९०० चा. १९०० साली अमेरिकेतल्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ नावाच्या साप्ताहिकाच्या वाचकांनी वर्गणी जमविली, आणि ‘क्विटो’ नावाची आगबोट मका भरून न्यू यॉर्कहून मुंबईस निघाली. त्या मक्याने जीव वाचले, हे निर्विवाद. परंतु त्याच काळात ‘पोटासाठी बाटलेले’ हा शब्दही चिकटला, आणि तो चिकटला तो देणाऱ्यांना नव्हे, घेणाऱ्यांना. उपाशी माणसाने अन्न घेतले ह्यात त्याचा दोष काय? तरीही पिढ्यानुपिढ्या तो डाग त्याच्या नातवंडांनी वाहिला. मिशनच्या पैशाच्या इतिहासातले हे सर्वांत दुखरे पान आहे, आणि ते उलटल्याशिवाय मुठीचे मोल कळत नाही.

पैशाच्या पाठीमागून अट कशी चालत येते, हे पंडिता रमाबाईंइतके कोणी अनुभवले नसेल. १८८७ साली अमेरिकेत त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहून विकले. गावोगावी ‘रमाबाई मंडळे’ निघाली. सभासदाने वर्षाला एक डॉलर, असा दहा वर्षांचा वायदा. बोस्टनला मध्यवर्ती संस्था झाली, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदासदन उघडले. दुसऱ्या वर्षी ते पुण्यास आले. अट एवढीच होती, की शाळेत धर्माचा पक्षपात होऊ नये. अट रास्तच होती. रानडे, भांडारकर ह्यांच्यासारखे लोक त्या भरवशावरच सल्लागार झाले होते. पण मुली बाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या तेव्हा पुण्यात गहजब झाला, ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली, आणि १८९३ साली सल्लागारांनी अंग काढून घेतले. कोण बरोबर, कोण चूक, ह्या वादात मी शिरत नाही. मला दिसते ते एवढेच, की एका घराच्या तीन बाजूंना तीन मालक झाले होते: पैसा देणारे बोस्टन, मुली देणारे पुणे, आणि जीव ओतणाऱ्या रमाबाई.

पुढे केडगावला मुक्तिसदन उभारताना बाईंनी निराळी वाट धरली. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरने कोणापुढेही हात न पसरता, केवळ प्रार्थनेवर विसंबून, मोठी अनाथालये चालविली होती. त्याचे चरित्र बाईंनी वाचले होते. दुष्काळातल्या शेकडो मुली आणि बायका केडगावी आल्या. परदेशातून देणग्या येतच राहिल्या, पण केडगावी शेती, विणकाम, छापखानाही चालू झाला. राहणाऱ्यांचे हात कामाला लागले, म्हणजे घर थोडे थोडे त्यांचे होते.

आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक! मिशनच्या पगारावर वर्षानुवर्षे काम केलेल्या ह्या कवीने १९१७ साली तो पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. साहेबाच्या पैशाने दिलेला उपदेश आपल्या लोकांच्या काळजाला पोचत नाही, हे त्यांना उमगले होते. संन्याशाने समाजाच्या दाण्यावर जगावे ही आपली जुनी चाल त्यांनी ख्रिस्ती धर्मात आणली. घर चालविणाऱ्या लक्ष्मीबाईंना ह्या निर्णयाचे मोल काय पडले असेल, हे कोणत्याही गृहिणीला सांगावयास नको. दोन वर्षांनी, मे १९१९ मध्ये, टिळक वारले. पण प्रश्न त्यांनी नेमका मांडून ठेवला होता: ज्या धर्माचा खर्च आपण करीत नाही, तो आपला कसा म्हणावा?

ह्या प्रश्नाला गरीब मंडळ्यांनी आपल्या परीने उत्तर दिले आहे. महाराष्ट्रातल्या अनेक चर्चांमध्ये सुगीनंतर उपकारस्तुतीची उपासना होते. ज्याच्याकडे रोकड नाही तो बाजरीची पायली आणतो. कोणी भोपळा, कोणी अंडी, कोणी पाय बांधलेला कोंबडा. वेदीपुढे रास लागते, आणि उपासना संपली की त्याच वस्तूंचा लिलाव होतो. म्हातारीचा भोपळा बाजारभावाच्या कितीतरी वर जातो, आणि तो घेणाराही हसत हसत घेतो, कारण पैसे कोठे जावयाचे हे त्याला ठाऊक असते. गावगाड्यात ज्यांच्या पूर्वजांना खळ्यावर उभे राहून बलुते मागावे लागले, त्यांच्याच घरची माणसे तेथे धान्य वाहतात. मागणारा हात देणारा झाला! पाळकाच्या पगाराला ह्या रकमेने किती हातभार लागत असेल तो लागो. पण त्या माणसांच्या मानेला तिने जो ताठपणा दिला, त्याची नोंद कोणत्या वहीत करावी?

मुठीला कमी लेखू नये, ह्याचा आणखी एक दाखला ईशान्येकडे आहे. आजच्या मिझोराममध्ये, १९१० च्या सुमारास, तेथल्या प्रेस्बिटेरियन बायकांनी स्वयंपाकाच्या तांदळातली मूठ चर्चसाठी राखण्याची प्रथा सुरू केली. ती आजही चालू आहे. त्या तांदळाच्या विक्रीतून तेथले चर्च आपले उपदेशक दुसऱ्या प्रांतांत धाडते. एके काळी ज्यांच्याकडे वेल्समधून मिशनरी येत, ते आता स्वतः पाठवितात.

आजच्या काळात दान देणे फार सोपे झाले आहे. बँकेतून परस्पर रक्कम वळते, फोनवर बोट टेकले की पोचते; परदेशातून येणाऱ्या देणग्यांवर १९७६ पासून कायद्याची देखरेख आहे, आणि ती असणे योग्यच. लवासाच्या आवारात शिकणाऱ्या मुलांच्या फीचा हिशेब तांदळाच्या मुठीत मांडता येणार नाही, हेही खरे. मोठी कामे मोठ्या पैशाने होतात. पण संस्थेचा पाया कोणाच्या हातांनी भरला, ह्यावर तिचे माणसांशी नाते ठरते. राजाच्या सनदेने दिलेले राजाबरोबर जाते. दूरच्या डॉलराने दिलेल्याला दूरची अट असते. आणि रोज चूल पेटविताना बाजूला काढलेल्या मुठीमागे मात्र त्या बाईची रोजची आठवण असते. ती तांदूळ देते, आणि त्याबरोबर हे काम माझे आहे असेही म्हणते.

यंदा फराळाची ताटे शेजारी धाडताना आपल्या घरातल्या मुलांच्या हातांनी ती धाडा. ताटात काय आहे ह्यापेक्षा ते त्यांनी स्वतः नेऊन दिले, हे त्यांच्या अधिक दिवस ध्यानात राहील.