नाका, खूण आणि वही : सोलापूरच्या वाटेवरील टॅग-वाचकाची पूर्वपीठिका

पुण्याहून सोलापूरकडे येणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर पाटस, सरडेवाडी, वरवडे आणि सावळेश्वर असे टोलनाके लागतात. यांपैकी शेवटचे दोन सोलापूर जिल्ह्यात मोडतात. वाहन मार्गिकेत शिरते, वर बसविलेला अँटेना पुढील काचेवर चिकटविलेल्या कागदी टॅगमधील क्रमांक वाचतो, दांडा वर जातो आणि वाहन पुढे निघते. कोणी कोणाशी बोलत नाही. हा सर्व व्यवहार परदेशांतून आयात झालेला आणि आपल्याकडे सर्वथा नवीन आहे, असा सामान्य समज आहे. रेडिओलहरींपुरता तो खरा मानता येईल. परंतु नाक्यावर वाटसरूची ओळख पटविणे, त्याच्या देण्याची हमी कोणी तिसऱ्याने घेणे आणि चुकीचा भार कोणी सोसावयाचा हे ठरविणे, हे तिन्ही प्रश्न दख्खनच्या वाटांवर फार जुने आहेत. टॅग-वाचक उभारताना यंत्रापेक्षा याच प्रश्नांची उकल अधिक अवघड ठरते, हे दाखविण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

पेशवाईतील जकातीची रचना पाहिली असता हे ध्यानात येते. माल जेथे भरला जाई तेथे थळभरीत, जेथे तो विकला जाई तेथे थळमोड आणि वाटेतील प्रत्येक महालात आणखी काही, अशी आकारणी असे. ज्याला जकात माफ असे त्याच्याजवळ सरकारी दस्तक असे, आणि पेशवे दफ्तरात अशा दस्तकांच्या नोंदी विपुल आढळतात. दस्तक म्हणजे खूणच. मात्र ती खूण वाचणारा नाकेदार लिहितावाचता, आणि बहुधा लोभीही, माणूस होता. तो बैल मोजी, गोण्या चाचपून पाही, हुज्जत घाली, आणि प्रसंगी ऐकूनही घेई. वाटेवर नाके इतके की प्रत्येक ठिकाणी थांबून हिशेब करणे व्यापाऱ्यास परवडत नसे. या अडचणीतून हुंडेकरी हा वर्ग पुढे आला. व्यापाऱ्याने त्याला एकरकमी पैसे द्यावेत आणि त्याने निरनिराळ्या मक्तेदारांशी परस्पर हिशेब चुकता करून माल पार करावा, अशी ही पद्धत. पुढे हा शब्द मालवाहतूक करणाऱ्या अडत्यांना लागला, त्यामुळे त्याचा मूळ अर्थ आज बहुतेकांच्या विस्मरणात गेला आहे. इंग्रजी अमलात १८३८ साली मुंबई इलाख्यातील अंतर्गत जकाती उठल्या आणि हुंडेकऱ्याचे हे कामही संपले. शहरांच्या वेशीवरील जकात मात्र पुढेही दीर्घकाळ टिकली.

आता रेडिओच्या अंगाकडे वळू. परावर्तित लहरींच्या साहाय्याने संदेश देता येईल, ही कल्पना हॅरी स्टॉकमन याने १९४८ साली एका निबंधात सविस्तर मांडली. ज्याला ओळखावयाचे त्याच्याजवळ प्रक्षेपक असण्याचे कारण नाही. त्याने आपल्यावर पडलेली लहर ठराविक तऱ्हेने कमीअधिक परतवली म्हणजे पुरे, हे तिचे सार होय. आरशाने उन्हाचा कवडसा पाडून दुरून खूण करावी, तसाच हा प्रकार. अमेरिकेत १९७३ साली मारियो कार्डुलो व चार्ल्स वॉल्टन यांना या जातीच्या उपकरणांची स्वतंत्र पेटंटे मिळाली. कार्डुलोच्या डोळ्यांपुढे जे उपयोग होते त्यांत पथकरवसुलीही होती. नॉर्वेतील ओलेसुंड येथे १९८७ मध्ये अशी वसुली प्रत्यक्षात आली. कल्पना आणि नाका यांच्या मध्ये सुमारे चाळीस वर्षे गेली. स्वस्त व सूक्ष्म विद्युन्मंडले उपलब्ध नव्हती, हे त्याचे एक कारण निश्चितच आहे. दुसरे कारण असे की, सर्वांनी मान्य केलेली क्रमांकपद्धती आणि ते क्रमांक सांभाळणारी सामायिक वही अस्तित्वात नव्हती. हे दुसरे कारण तंत्रज्ञांच्या इतिहासांत थोडक्यात उरकले जाते. आमच्या मते महत्त्व त्यालाच अधिक द्यावयास हवे.

भारतात २००५ साली ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा अशा उपकरणांसाठी परवान्यावाचून खुला झाला. प्रक्षेपकाची शक्ती १ वॅट व अँटेनाच्या दिशेने होणारे परिणामी प्रक्षेपण ४ वॅट, अशी मर्यादा घातली गेली. नंदन निलेकणी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१० मध्ये राष्ट्रीय महामार्गांसाठी बॅटरीविरहित टॅगची शिफारस केली. २०१४ पासून फास्टॅग प्रचारात येऊ लागला आणि २०१६ मध्ये राष्ट्रीय देयक महामंडळाने बँकांना जोडणारी व्यवस्था उभी केली. फेब्रुवारी २०२१ च्या मध्यापासून राष्ट्रीय महामार्गांवरील सर्व मार्गिकांत तो बंधनकारक झाला.

नाक्यावर वाचक बसविण्याचे काम ऐकावयास सोपे वाटते. प्रत्यक्षात ते तबल्याचा सूर लावण्याइतके हळुवार आहे. ८६६ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर भरते. एवढी लहर धातूच्या पत्र्यावर आपटली की परतते आणि काचेतून पार होते. म्हणून टॅगचे स्थान पुढील काचेच्या आतल्या बाजूस, आरशाच्या मागे. ज्या गाड्यांच्या काचेला उष्णतारोधक धातूचा सूक्ष्म थर असतो त्यांत मात्र हीच काच भिंत होते. टॅगमध्ये बॅटरी नसते. वाचकाकडून आलेल्या लहरीतूनच त्याला आपले अन्न मिळवावे लागते, आणि जागे होण्यास त्याला वॅटच्या लक्षांशाच्या आसपास शक्ती पुरते. ती न पोहोचली तर टॅग चुकीचे काही सांगत नाही. तो नुसता गप्प राहतो. नाक्यावरील कित्येक तंटे या मौनाच्या अर्थावरून होतात, कारण रिकामे खाते, फाटका टॅग आणि वाकडा अँटेना या तिघांचा बाह्य परिणाम एकच दिसतो : दांडा उचलला जात नाही.

अँटेना मार्गिकेच्या वर, येणाऱ्या वाहनाकडे तोंड करून, खाली झुकविलेला असतो. तो फार सपाट बसविला तर मागच्या वाहनाचा टॅग आधी वाचला जातो. फार खाली वळविला तर उंच मालमोटारीची काच त्याच्या टप्प्यात क्षणभरच येते. टॅग आडवा असो वा उभा, वाचता यावा म्हणून वर्तुळाकार ध्रुवणाचा अँटेना वापरणे सोयीचे पडते, जरी त्यात शक्तीचा काही अंश वाया जातो. वाचकापासून अँटेनापर्यंतची केबल जितकी लांब तितकी शक्ती वाटेतच गळते. नवशिका तंत्रज्ञ टॅग वाचला गेला नाही की शक्ती वाढवितो. अनुभवी माणूस पुष्कळदा ती कमी करतो, कारण शेजारच्या मार्गिकेतील टॅग वाचला जाणे हा न वाचण्याहून मोठा दोष होय. त्यात एकाच्या प्रवासाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यातून जातात. वाहन ठराविक जागी आल्यावाचून वाचन ग्राह्य धरू नये, अशी जोडणी रस्त्यातील संवेदकाशी केली म्हणजे हा दोष बराच आवरतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा उघड्यावरच्या पेट्यांना सावली आणि खेळती हवा लागते, हेही विसरून चालत नाही.

एकाच वेळी अनेक टॅग टप्प्यात आले तर कोण बोलणार? यावरील तोड मोठी चतुर आहे. वाचक एक मर्यादा पुकारतो, आणि प्रत्येक टॅग त्या मर्यादेतील एक यदृच्छ संख्या मनाशी धरतो. ज्याच्या वाट्याला शून्य आले त्याने बोलावे, इतरांनी एकेक अंक उतरत आपल्या पाळीची वाट पाहावी. बोलणारा टॅगही प्रथम आपला खरा क्रमांक देत नाही. तो एक तात्पुरती संख्या उच्चारतो, वाचक तिचा पुनरुच्चार करतो, आणि मगच खरा क्रमांक बाहेर पडतो. मुळात ही रीत हवाई विद्यापीठाने १९७१ मध्ये बेटाबेटांतील संगणक रेडिओने जोडण्यासाठी चालविलेल्या 'अलोहा' जाळ्यातून निघाली आहे.

येथवर जे मिळाले तो केवळ एक क्रमांक. त्यात मालकाचे नाव नाही, शिल्लक रकमेचा आकडा नाही. वाहन कोणत्या वर्गाचे, टॅग चालू की बंद, हे सर्व वहीत. क्रमांक नाक्यावरील संगणकाकडे, तेथून नाक्याच्या बँकेकडे, तेथून महामंडळाच्या मध्यवर्ती व्यवस्थेमार्फत टॅग देणाऱ्या बँकेकडे जातो. ज्यांचे टॅग स्वीकारावयाचे नाहीत त्यांची यादी नाक्यांना वेळोवेळी पुरविली जाते. टॅग देणारी बँक व नाक्याची बँक यांच्यातील परस्पर हिशेब पाहिला म्हणजे जुना हुंडेकरीच नव्या वेषात परतला, असे म्हणण्याचा मोह होतो. साम्य खरे आहे. एक भेद मात्र मोठा : हुंडेकरी आपल्या भरवशावर माल पार करून देई आणि मक्तेदारांना स्वतः जबाबदार राही, आजच्या व्यवस्थेत भरवसा आगाऊ भरलेल्या रकमेचा, आणि ती सरली की हमीही सरली.

खुणेपेक्षा वहीला महत्त्व कसे येते याचे उदाहरण आपल्याच देशातील आहे. बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल याने १८५८ मध्ये करारनाम्यावर हाताचा ठसा घेतला. तरी गुन्हेशोधात बोटांच्या ठशांचा पद्धतशीर उपयोग १८९७ साली कलकत्त्यास ठसे-कार्यालय निघेपर्यंत होऊ शकला नाही. ठशांचे वर्गीकरण करून हवा तो ठसा ढिगातून काढण्याची रीत तोवर बसली नव्हती. ती बसविण्यात अझीझुल हक व हेमचंद्र बोस या हिंदी अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता. खूण चाळीस वर्षे तयार होती आणि वहीची वाट पाहत होती.

अशी वही तयार झाल्यावर ती कोणाच्या हाती पडते, हे सोलापूरकरास निराळे सांगावयास नको. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ मध्ये सर्व ब्रिटिश हिंदुस्थानास लागू करण्यात आला. त्याखाली नोंदलेल्या जमातींतील व्यक्तींचे, हातून काही घडले असो वा नसो, बोटांचे ठसे घेण्याचा व त्यांना ठराविक वेळी हजेरीस बोलावण्याचा अधिकार सरकारला मिळाला. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये काटेरी तारांच्या आत कैकाडी, पारधी आदी जमातींची कुटुंबे ठेवण्यात आली, आणि तेथील माणसे शहरातील गिरण्यांत कामास जात. बाहेर पडण्यास पास आणि परतल्यावर हजेरी. ज्यांना तारांबाहेर राहण्याची मुभा मिळाली त्यांच्या वस्तीला 'फ्री कॉलनी' म्हणत, आणि सेटलमेंट फ्री कॉलनी हे नाव सोलापूरच्या पत्त्यांत आजही लिहिले जाते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. वाहनावरील टॅग आणि माणसाच्या बोटाचा ठसा यांना एका तागडीत घालण्याचा आमचा हेतू नाही. पहिला दूर करता येतो, दुसरा येत नाही. पण दोहोंत एक गोष्ट समान आहे. वहीत काय लिहिले आहे हे जिच्याविषयी लिहिले त्या व्यक्तीला नाक्यावर दाखविता येत नाही, आणि नाक्यावरील माणसाला ते बदलता येत नाही.

म्हणूनच ७ मे २०१८ रोजी राष्ट्रीय महामार्ग शुल्क नियमांत झालेली दुरुस्ती आम्हांस कोणत्याही तांत्रिक सुधारणेहून मोलाची वाटते. टॅग वैध व चालू आहे, खात्यात पुरेशी रक्कम आहे, आणि नाक्यावरील यंत्र बिघडल्याने वसुली होऊ शकली नाही, तर वाहनास शुल्कावाचून जाऊ द्यावे व शून्य रकमेची पावती द्यावी, असे त्यात म्हटले आहे. यंत्राच्या मौनाचा भार येथे प्रथमच वाटसरूवरून उचलून नाक्यावर टाकला गेला. अडचण उरते ती पुराव्याची. खात्यातील शिलकेचा संदेश चालकाच्या मोबाइलवर असला तर ठीक. नसला तर दुप्पट आकारणीचा प्रसंग येई. १५ नोव्हेंबर २०२५ पासून यात थोडी सवलत झाली : वैध टॅग नसलेल्याने यूपीआयने पैसे भरल्यास सव्वापट, रोख दिल्यास दुप्पट. टॅग काचेवर न लावता हातात धरून दाखविणाऱ्यांना काळ्या यादीत टाकण्याचे धोरण महामार्ग प्राधिकरणाने त्याच वर्षी जुलैमध्ये जाहीर केले होते. ते यंत्राच्या दृष्टीने योग्यच आहे, कारण हातातील टॅग कोणत्याही गाडीतून दाखविता येतो आणि वाहन व वही यांची गाठ सुटते.

या सर्व व्यवस्थेत एक अपवाद दर आषाढात सोलापूर जिल्ह्याच्या वाटेवर दिसतो. पंढरपूरला जाणाऱ्या वारकऱ्यांच्या वाहनांना राज्य शासनाने अलीकडील वर्षांत पथकरातून सूट दिली आहे. वाहन वारीला निघाले आहे की बाजाराला, हे टॅगमधील क्रमांकावरून कळण्याचा मार्ग नाही. म्हणून परिवहन कार्यालयातून वा पोलीस ठाण्यातून 'आषाढी एकादशी' असे छापलेला, वर्ष, वाहनाचा क्रमांक आणि मालकाचे नाव लिहिलेला कागद घ्यावा लागतो. तो काचेवर लावतात. वरचा अँटेना त्याला वाचू शकत नाही. खिडकीतील माणूस मान बाहेर काढून वाचतो आणि गाडी सोडतो.