लाल दिव्यांतली मराठी

‘प्रत्येकाने आपापल्या क्षेत्रातलं काहीतरी लिहा,’ असा आदेश बॅचच्या ग्रुपवर निघाला, म्हणून हा विषय निवडला. रेल्वे प्लॅटफॉर्मवर डब्याचा क्रमांक दाखवणारी पाटी किंवा मेडिकलच्या दारावर सरकणारी लाल अक्षरं आपण सगळेच बघतो. त्या दिव्यांत मराठी अक्षर कसं बसलं, त्याची ही गोष्ट.

ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत लागला. डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीत बनवला. फलकाला या दोघांचीही गरज असते.

पहिली अडचण तारांची. आठ ओळी आणि आठ स्तंभ म्हणजे ६४ दिवे. प्रत्येकाला वेगळी तार दिली तर ६४ तारा. तेच दिवे जाळीत जोडले की १६ तारांत भागतं. मात्र मग सगळ्या ओळी एकदम लावता येत नाहीत. पहिली पेटवायची, विझवायची, मग दुसरी. हे चक्र सेकंदाला शंभरेक वेळा फिरलं की डोळ्याला अख्खं अक्षर स्थिर दिसतं.

एकेका ओळीला वेळेचा आठवाच हिस्सा मिळतो, म्हणून तेवढ्यात तिला भरपूर करंट द्यावा लागतो. एका दिव्याला २० मिलिअँपिअर धरले, तरी ओळीतले आठही पेटल्यावर १६० होतात. मायक्रोकंट्रोलरच्या पिनला ते झेपत नाही. तो फक्त इशारा देतो, ओझं ट्रान्झिस्टर उचलतो. आमच्या इंजिनिअरिंगच्या काळात एसएल १०० आणि एसके १०० ही ट्रान्झिस्टरची जोडी घराघरातल्या पार्टच्या डब्यात असायची. मुंबईला कोणी निघालं की लॅमिंग्टन रोडची यादी त्याच्या हातात पडायचीच.

दुसरी अडचण आपल्या लिपीची. इंग्रजी कॅपिटल अक्षर ५ गुणिले ७ ठिपक्यांत मावतं. आपल्याकडे शिरोरेघ, तिच्यावर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि रफार, खाली उकार. वाचण्याजोग्या मराठीला साधारण सोळा ओळी लागतात. म्हणजे प्रत्येक ओळीचा वेळ सोळाव्या हिश्श्यावर येतो आणि ट्रान्झिस्टरचं काम वाढतं.

तिसरी अडचण माझ्या क्षेत्रातली. भारतीय लिप्यांसाठीचं ‘इस्की’ हे मानक १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने स्वीकारलं. त्यात आणि पुढे युनिकोडमध्येही ‘शि’ साठवताना आधी ‘श’ येतो, मग वेलांटी. फलकावर मात्र वेलांटी डावीकडे हवी. ही अदलाबदल सॉफ्टवेअरने करायची असते. ती राहिली की ‘नाशिक’चं ‘नाशकि’ होतं.

मुंबईच्या लोकलचे इंडिकेटर गाडीचं ठिकाण मराठी, हिंदी, इंग्रजीत आळीपाळीने दाखवतात. माझ्या आजीला फक्त देवनागरी वाचता यायची. इंग्रजी पाटीपुढे ती कोणालातरी विचारायची, मराठी आली की स्वतः पुढे व्हायची. त्यामुळे हा प्रश्न मला निव्वळ तांत्रिक कधी वाटला नाही.

सर आणि बाई, तुम्ही आमच्या वह्यांत ऱ्हस्व-दीर्घाला तांबडी खूण करत होतात. आज एखाद्या दुकानाच्या फलकावर मोडकी मराठी दिसली, तर मालकाला जरूर सांगा. दिवे पुरेसे असतात. बहुतेक वेळा फक्त सॉफ्टवेअर बदलावं लागतं, आणि ते बदलता येतं.