पाळकाचे घर, पाळकाचा दिवस

महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांची दृष्टी बहुधा बाप्तिस्म्याच्या प्रसंगावर स्थिरावते. त्याआधीची वैचारिक घालमेल आणि त्यानंतरचा सामाजिक बहिष्कार यांत नाट्य असते, वाद असतात, कागदपत्रेही असतात. बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्राचा ओघही याच प्रसंगाकडे वाहतो. परंतु पाळकाचे आयुष्य म्हणजे त्या एका दिवसानंतर उगवणारे हजारो साधे दिवस. रविवारची उपासना, प्रवचनाची तयारी, मंडळीतील लग्ने आणि मर्तिके, आजाऱ्यांची विचारपूस, दारी आलेल्या गरजवंताला काय द्यावे याची विवंचना, या साऱ्यांचा इतिहास सहसा लिहिला जात नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या बाबतीत तो लिहिला गेला, पण त्यांच्या हातून नव्हे. तो त्यांच्या पत्नीने, लक्ष्मीबाईंनी, ‘स्मृतिचित्रे’मध्ये लिहिला.

टिळक मूळचे कोकणातील. नाशकात त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. पुढे शिक्षक, वक्ता, शीघ्रकवी अशा नाना भूमिकांतून ते गावोगाव फिरले. १८९३ मध्ये रेल्वेच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाशी झालेल्या संभाषणातून बायबल त्यांच्या हाती आले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन आप्तांकडे राहिल्या. हा वियोग सुमारे पाच वर्षे टिकला. या काळात टिळकांचे कार्यक्षेत्र अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) हे होते. अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत १८१३ साली आणि नगरला १८३१ साली आपले काम सुरू केले होते. तेथील ईश्वरविद्येच्या विद्यालयात टिळक शिकवीत. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली.

नगर परिसरातील या मिशनच्या मंडळ्या मुख्यतः महार आणि मांग समाजांतून आलेल्या माणसांच्या होत्या. चित्पावन ब्राह्मण कुळात जन्मलेल्या पाळकाने त्यांच्यामध्ये उभे राहून समतेचे प्रवचन करावे, ही गोष्ट व्यासपीठावर सोपी होती. तिची खरी कसोटी घरात लागली. लक्ष्मीबाई नगरला आल्या तेव्हा त्यांचे सोवळे त्यांच्याबरोबर आले. त्यांचा स्वयंपाक वेगळा होता आणि पाणीही वेगळे होते. बंधुभावाचा उपदेश करणाऱ्या माणसाच्या घरात विटाळाची रेघ दररोज ओढली जात होती. टिळकांनी ती बळाने पुसली नाही. स्वभावाने ते उतावळे व तापट होते, आणि ‘स्मृतिचित्रे’ हे लपवीत नाहीत. तरी या एका बाबतीत त्यांनी वाट पाहिली. जातिभेद माणसाने निर्माण केला, देवाने नव्हे, या निष्कर्षाप्रत लक्ष्मीबाई स्वतःच्या विचाराने आल्या आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पाळक म्हणून टिळकांचे मोठेपण मोजावयाचे झाल्यास ही प्रतीक्षा त्यांच्या कोणत्याही प्रवचनाइतकीच महत्त्वाची मानावी लागते.

त्या घराची दारे सदैव उघडी असत. १८९९–१९०० च्या दुष्काळाने पोरकी केलेली मुले तेथे आली, आजारी माणसे आली, कवीही आले. बालकवी ठोमरे यांनी काही काळ याच घरात काढला. टिळकांना ‘फुलामुलांचे कवी’ म्हणण्याची प्रथा आहे; या बिरुदातील मुले काव्यसंकेतातील नव्हेत, ती त्यांच्या पंगतीला बसणारी होती. पंगत वाढे, मिळकत वाढत नसे. टिळकांच्या हाती पैसा ठरत नसे, दान करताना उद्याचा विचार नसे, आणि तो उद्या निभावण्याचे काम लक्ष्मीबाईंकडे येई. पाळकाच्या औदार्याची किंमत बहुधा स्वयंपाकघर मोजते, हे सत्य लक्ष्मीबाईंनी कुरकुर न करता, किंबहुना हसत हसत, नोंदवले आहे.

या दैनंदिन जीवनातूनच टिळकांचे धर्मचिंतन घडले. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. मंडळीत गायिली जाणारी पाश्चात्त्य चालींची भाषांतरित गीते शेतकऱ्याच्या वा मजुराच्या ओठांवर रुळत नाहीत, अभंग आणि भजन मात्र त्यांच्या परंपरेतच आहेत, हे त्यांनी ओळखले. कृष्णराव सांगळे यांनी त्यांच्या आधीच ख्रिस्ती कीर्तनाची वाट घातली होती. टिळकांनी ती रुंद केली. त्यांची शंभराहून अधिक गीते मराठी ख्रिस्ती उपासनेत रूढ झाली. ख्रिस्ताला मातेच्या रूपात आळवणारी त्यांची भक्ती, विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या समाजाला परकी वाटण्याचे कारण नव्हते. पाळक आणि मंडळी यांच्यामध्ये जातीचे व विद्येचे जे अंतर होते, ते या गीतांनी काही अंशी तरी मिटवले, असे म्हणता येईल.

दुसरे एक अंतर मात्र वाढत गेले. १८४२ पासून निघणाऱ्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन १९१२ पासून टिळकांकडे होते. तेथेही आणि इतरत्रही ते एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारीत राहिले: भारतीय ख्रिस्ती हा परदेशी संस्थेचा आश्रित आहे, की आपल्या देशाचा स्वतंत्र भक्त? हा प्रश्न तात्त्विक जितका होता, तितकाच पोटापाण्याचा होता, कारण मंडळ्यांचा आणि पाळकांचा आधार बहुतांशी मिशनच होते. १९१७ साली टिळक मिशनपासून वेगळे झाले आणि साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ आरंभिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात यावेत, अशी त्यांची कल्पना होती. ज्याच्या घरात बाप्तिस्मा घेतलेला पती आणि न घेतलेली पत्नी काही काळ एका छपराखाली राहिली होती, त्याला ही कल्पना सुचावी यात नवल नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. दरबाराला आकार येण्यास अवधी मिळाला नाही.

‘स्मृतिचित्रे’ टिळकांच्या मृत्यूनंतर दीड दशकाने, १९३४ पासून, प्रसिद्ध होऊ लागली. एवढ्या अंतरावरून सांगितलेले संवाद शब्दशः प्रमाण मानता येणार नाहीत, आणि लेखिकेची विनोदबुद्धी प्रसंगांना घाट देते हेही लक्षात ठेवावे लागते. तरीही इतिहासाच्या दृष्टीने या ग्रंथाचे मोल कमी होत नाही. पतीचा उल्लेख ‘टिळक’ असा करणारी ही स्त्री त्याची भक्त नाही आणि फिर्यादीही नाही. मिशनच्या दप्तरात टिळक कार्यकर्ते म्हणून दिसतात आणि त्यांच्या अभंगांत भक्त म्हणून. रागावणारा, पस्तावणारा, पैसे उधळणारा आणि पुन्हा दार उघडणारा माणूस फक्त येथे भेटतो. अभंगांतील शरणागती कोणत्या उणिवांच्या जाणिवेतून आली, हे समजण्यासाठी ही दोन्ही पुस्तके शेजारी ठेवूनच वाचावी लागतात.

ख्रिस्तचरित्रावरील ‘ख्रिस्तायन’ हे टिळकांचे महाकाव्य दहाएक अध्याय लिहून होताच थांबले होते. उरलेले साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. ज्या स्त्रीने एकेकाळी त्याच घरात आपले पाणी वेगळे ठेवले होते, आणि जिला लिहायवाचायला टिळकांनीच घरी शिकवले होते, तिच्या हातून ते काव्य पूर्ण झाले.