घनकचऱ्याचा नमुना आणि नगराचा इतिहास : ठाणे व कल्याण-डोंबिवलीच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

नगराचा इतिहास लिहिताना कागदपत्रे, नाणी, शिलालेख आणि वास्तू यांचा आधार घेतला जातो. नगराने टाकून दिलेल्या वस्तूंकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. पुरातत्त्वशास्त्राने उकिरडा हे इतिहासाचे विश्वसनीय साधन मानले आहे. अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठात विल्यम राठजे या पुरातत्त्वज्ञाने १९७३ पासून चालू काळातील घरगुती कचऱ्याचा अभ्यास केला. माणसे स्वतःच्या खाण्यापिण्याविषयी जे सांगतात आणि त्यांच्या कचऱ्यात प्रत्यक्ष जे आढळते, यांत मोठी तफावत असते, हे त्यातून दिसून आले. पर्यावरण अभियांत्रिकीतील घनकचऱ्याची नमुनाचाचणी हे याच विचाराचे व्यवहारातील रूप होय. कचरा ‘किती’ याबरोबरच तो ‘कशाचा’ आणि ‘कोठला’ हे ठरविल्याशिवाय त्याचे व्यवस्थापन यशस्वी होत नाही, हे ठाणे व कल्याण-डोंबिवलीच्या उदाहरणाने स्पष्ट करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

कल्याण नगरपालिका १८५५ मध्ये आणि ठाणे नगरपालिका १८६३ मध्ये स्थापन झाली. त्या काळी सफाई म्हणजे वस्तीतील घाण वस्तीबाहेर नेऊन टाकणे, एवढाच अर्थ रूढ होता. १८९६ मध्ये मुंबईत आलेल्या प्लेगच्या साथीनंतर स्वच्छतेला आरोग्यरक्षणाचे महत्त्व प्राप्त झाले. तरी ‘शहराबाहेर नेणे’ हीच कल्पना कायम राहिली. मुंबईचा कचरा १९२७ पासून देवनार येथे पडू लागला. पुढे ठाण्याने दिवा येथे आणि कल्याणने आधारवाडी येथे हाच मार्ग अनुसरला.

ठाणे महानगरपालिका १९८२ मध्ये आणि कल्याण महानगरपालिका १९८३ मध्ये अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाखांवर, तर कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांवर गेली. एकेकाळी ‘बाहेर’ असलेल्या जागा लोकवस्तीच्या मध्यभागी आल्या. नगर वाढले, मात्र ‘बाहेर’ उरले नाही.

कायद्याच्या क्षेत्रात निर्णायक बदल अलमित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या याचिकेमुळे झाला. त्यातून नागरी घनकचरा नियम, २००० अस्तित्वात आले आणि वर्गीकरण, प्रक्रिया व शास्त्रोक्त भराव ही महापालिकांची जबाबदारी ठरली. त्यांची जागा पुढे २०१६ च्या नियमांनी घेतली.

नमुनाचाचणीचे स्वरूप

शेकडो टन कचरा तपासणे शक्य नसल्याने त्याचा प्रातिनिधिक अंश घ्यावा लागतो. भारतात प्रचलित असलेल्या पद्धतीनुसार ढिगाच्या आतील व बाहेरील दहा ठिकाणांहून सुमारे १० किलो कचरा घेतला जातो. तो एकत्र कालवून त्याचा सपाट ढीग करतात, ढिगाचे चार समान भाग पाडतात, समोरासमोरचे दोन भाग ठेवून उरलेले दोन टाकून देतात. प्रयोगशाळेत हाताळण्याजोगे प्रमाण उरेपर्यंत ही क्रिया पुन्हा पुन्हा केली जाते. खाणीतील खनिजाचा कस ठरविण्याच्या रीतीतून ही पद्धत आली आहे. त्यानंतर घटकांचे वर्गीकरण करून ओलावा, घनता, उष्मांक मूल्य आणि कर्ब-नत्र गुणोत्तर काढले जाते. ओलावा व कर्ब-नत्र गुणोत्तरावरून खतनिर्मितीची, तर उष्मांक मूल्यावरून ज्वलनाची शक्यता कळते.

नमुना चुकल्यास काय घडते, याचे बोलके उदाहरण दिल्लीतील तिमारपूर येथे मिळते. डेन्मार्कच्या तंत्रज्ञानावर आधारलेला, दररोज ३०० टन कचरा जाळण्याच्या क्षमतेचा वीजप्रकल्प १९८७ मध्ये तेथे उभारण्यात आला. प्रकल्पाला प्रतिकिलो सुमारे १,४६० किलोकॅलरी उष्मांकाचा कचरा अपेक्षित होता. प्रत्यक्ष कचऱ्याचे मूल्य त्याच्या निम्म्याहूनही कमी निघाले आणि प्रकल्प अल्पावधीतच बंद पडला. यंत्र निर्दोष होते. त्याला पुरविलेले इंधन मात्र कागदावरचे होते.

टेंभी नाका : स्थळ व काळ यांचा प्रश्न

सरासरीची मर्यादा ठाण्यातील टेंभी नाका परिसरावरून ध्यानात येते. जुनी वस्ती, शाळा, दुकाने आणि जवळची जांभळी नाक्याची बाजारपेठ यांचा कचरा येथे एकाच दिवशी निर्माण होतो. पण त्याचे घटक सर्वस्वी भिन्न असतात. जिल्हा रुग्णालयही अनेक दशके याच परिसरात होते. रुग्णालयातील जैववैद्यकीय कचरा १९९८ च्या नियमांनी नागरी कचऱ्यापासून वेगळा ठरविला, म्हणजे तो नागरी कचऱ्याच्या नमुन्यात आढळणे हीच त्रुटीची खूण ठरते. आनंद दिघे यांनी सुरू केलेल्या येथील नवरात्रोत्सवात फुले, हार व निर्माल्य यांचे प्रमाण वाढते. त्या नऊ दिवसांतील नमुना ज्येष्ठातील नमुन्याशी जुळणार नाही; पावसाळ्यातील ओलावा उन्हाळ्यातील आकड्यांत सापडणार नाही.

शिवाय कचरावेचक मार्गातच कागद, धातू व चांगले प्लास्टिक काढून घेतात. त्यामुळे घराच्या दारातील नमुना आणि क्षेपणभूमीवरील नमुना एकच सांगत नाहीत. नमुना कोठे व केव्हा घेतला याची नोंद नसेल, तर टक्केवारी निरर्थक ठरते.

आणखी एक अडचण गणनेच्या चौकटीतून उद्भवते. राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने २००४-०५ मध्ये ३५ महानगरे व २४ राजधान्या अशा ५९ शहरांच्या कचऱ्याचा अभ्यास केला. २००१ च्या जनगणनेतील ३५ महानगरी समूहांत ठाणे व कल्याण-डोंबिवली ही स्वतंत्र नव्हती. ती बृहन्मुंबई नागरी समूहात मोजली गेली होती. मुंबईचे आकडे या शहरांस जसेच्या तसे लावणे म्हणूनच धोक्याचे आहे.

परिणाम

उपेक्षेची किंमत कल्याण-डोंबिवलीने मोजली. घनकचरा नियमांचे पालन न झाल्याने मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१५ मध्ये तेथील नव्या बांधकाम परवानग्यांवर स्थगिती आणली. ती पुढील वर्षी शिथिल झाली. आधारवाडीच्या ढिगाला वारंवार आगी लागल्या आणि धुराचा त्रास भोवतालच्या रहिवाशांना सोसावा लागला. २०२० मध्ये घरोघरी ओला व सुका कचरा वेगळा घेण्याची मोहीम सुरू झाली आणि मे २०२१ मध्ये आधारवाडी येथे कचरा टाकणे थांबले. ठाण्यात दिव्याची क्षेपणभूमी २०२३ मध्ये बंद झाली.

आधारवाडी बंद होण्यापूर्वी वर्षभर वर्गीकरणाची मोहीम चालली, हा क्रम महत्त्वाचा आहे. वर्गीकरण म्हणजे प्रत्येक घराने दररोज केलेली नमुनाचाचणीच होय.

निष्कर्ष

क्षेपणभूमी बंद केल्याने कचरा संपत नाही. त्याची जागा बदलते. प्रक्रिया-प्रकल्पाची निवड प्रभागनिहाय, ऋतुनिहाय आणि सण-उत्सवांची दखल घेणाऱ्या नमुन्यांवर आधारलेली असावी. स्थानिक महाविद्यालयांतील रसायनशास्त्र, भूगोल व इतिहास विभागांना हे काम वर्षानुवर्षे चालविता येईल. त्यासाठी ताजवा, ताडपत्री, फावडे, हातमोजे आणि शिस्तबद्ध नोंदवही ही प्राथमिक साधने पुरेशी आहेत. अशा नोंदी आजच्या अभियंत्याला आधार देतील, आणि उद्याच्या इतिहासकारालाही ठाणे-कल्याणच्या जीवनमानाचे अस्सल साधन उपलब्ध करून देतील.